डाग फोटोचे की दाजींचे

सुमे, जरा निवांत बस आणि हा अख्खा मेसेज वाच. न वाचताच अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी होतेस, ती खोड बरी नव्हे. तुझ्या मामाविषयी लिहितेय. माझ्या धाकट्या जावेचा भाऊ म्हणून सांगत नाही, पण अख्ख्या शिरूर तालुक्यात फोटो बिघडवणारी माणसं घरटी चार, आणि बिघडलेले नीट करणारा हा एकटा.

एसटी स्टँडमागच्या गाळ्यात तो कॉम्प्युटरला नाक लावून बसलेला असतो. फोन म्हणे फोटो पाठवताना दाबून बारीक करतो, आणि दहा ग्रुप फिरून आला की चेहऱ्याची फरशी होते, नुसते चौकोन. ते चौकोन हा सॉफ्टवेअरनं पुसतो. गिऱ्हाइकाला पाणी विचारायच्या आधी विचारतो, "किती हातांतून आलाय?" आणि पुढं ढकलणाऱ्याला तिथल्या तिथं फोन लावून झापतो. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका लग्नात मांडवाबाहेरच्या फ्लेक्ससमोर उभा राहून हा मोठ्यानं म्हणाला, "नवरदेवाच्या गालावर चट्टं उठल्यात, कुणी बघितलं का न्हाई?" अक्षता राहिल्या बाजूला, नवरीचा मामा नवरदेवाचं तोंड उजेडाकडं वळवून बघत बसला.

तर तुझ्या काकांचं वर्षश्राद्ध जवळ आलंय, म्हणून त्यांचा फोटो मी याच्याकडंच नेला. देवीच्या वणांमुळं ते कधी फोटो काढू देत नसत. एकच होता, तो त्यांच्या फोनबरोबर विहिरीत गेला; उरला तो ग्रुपांवरून फिरून आलेला. यानं बटण दाबलं आणि पडद्यावर एक गुळगुळीत, देखणा गृहस्थ आला.

"कोण हे?" मी विचारलं.

"थोरले दाजी."

"ह्यांच्याशी माझं लग्न झालं न्हाई."

चौकोनांबरोबर सॉफ्टवेअरनं वणही पुसले होते. तो शटर अर्धं ओढून म्हणाला, "ताई, तुम्ही बोट ठेवा. डाग फोटोचा का दाजींचा, एवढंच सांगा." दोन दिवस मी बोट ठेवत होते आणि तो एकेक वण जागेवर बसवत होता. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडाकडं इतका वेळ मी कधी बघितलं नव्हतं.

डाव्या भुवईपाशी मात्र अडलो. तिथं वण एक होता का दोन, मला आठवेना. म्हटलं, घाल दोन. "अंदाजानं दाजी करायचं न्हाईत," म्हणाला, आणि तेवढी जागा चौकोन-चौकोन तशीच सोडलीय.

सुमे, त्यांच्या मांडीवर बसून ते वण तू मोजायचीस. दौंडाहून शिरूर काही लांब नाही. श्राद्धाआधी ये, आणि बोट ठेवून सांग.