नळ सोडून सगळं

सत्तरच्या दशकात मी नागपुरात एका धर्मादाय दवाखान्यात नर्स होते. लकडगंजच्या पलीकडे, नाल्याच्या काठी. तिथली औषधं महिना अर्धा सरला की संपायची, किस्से मात्र कधी कमी पडले नाहीत. आजही चार ओळखीचे लोक जमले की फर्माइश होते, "सिस्टर, ते कमिटीचं सांगा ना." मी सांगते, सगळे हसतात. मला अजून रागच येतो, पण एकदा सुरू झाले की तोंड थांबत नाही.

कमिटी म्हणजे दवाखाना चालवणारी धरमपेठेतली बडी मंडळी. वस्ती म्हणजे टिनाच्या झोपड्या, बहुतेक छप्पन साली दीक्षा घेतलेली कुटुंबं. पुरुष आरा मशीनवर लाकडं चिरायचे, बायका घरकामाला जायच्या. पाण्याला एकच विहीर आणि पावसाळ्यात नाला सरळ तिच्यात. वस्तीचं मागणं एवढंच, की रस्त्यापलीकडून जाणाऱ्या पाइपलाइनवरून एक नळ मिळावा. कमिटीनं शब्द टाकला असता तर काम झालं असतं. पण कमिटीला नळ सोडून बाकी सगळं सुचायचं.

*

आमचे डॉक्टर नेहमी घाईत. बाहेर स्कूटर चालूच ठेवून आलेत की काय, असं वाटायचं.

एकदा आरा मशीनवरचा संपत खोकत खोकत आला. दिवसभर नाकातोंडात लाकडाचा भुसा, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "तुला हवापालटाची गरज आहे. महिनाभर चिखलदऱ्याला राहून ये."

संपतनं प्रामाणिकपणे विचार केला. "जातो ना साहेब. पण तिथं आरा मशीन हाय का? नाई, मंग मी महिनाभर खाऊ काय?"

डॉक्टरांनी कफ सिरप लिहून दिलं. तेही संपलेलं होतं.

*

मे महिन्यात अध्यक्षबाई भाषणाला आल्या. त्यांच्या घरी प्रत्येक खोलीला कूलर. "लू चालू आहे, दुपारी घराबाहेर पडू नका," त्यांनी बजावलं.

समोर निंबाच्या सावलीत बसलेले एक म्हातारबुवा म्हणाले, "बाई, एक करा. आज दुपारभर तुम्ही आमच्या टिनाखाली बसा, आमी इथं बसून रायतो. मंग संध्याकाळी सांगा, कोठं बसाचं ते."

बाईंना दुसरी मीटिंग होती.

*

मग निघालं 'पाणी उकळून प्या' प्रात्यक्षिक. अध्यक्षबाई गाडीतून स्टोव्ह घेऊन आल्या, पातेलं घेऊन आल्या आणि पाण्याचे कॅनही घेऊन आल्या. मी विचारलं, पाणी कशाला? तर म्हणाल्या, "अगं, इथलं पाणी किती गढूळ. प्रात्यक्षिकाला बरं दिसत नाही."

पाणी उकळलं. आता टाळ्या होतील म्हणून बाई थांबल्या. टाळ्या कसल्या, बायकांनी पाणी भरायचे पितळी गुंड घेऊन रांग लावली!

रांगेत सगळ्यात पुढे शांता होती. तिचं पहिलं लेकरू मागच्याच पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी माझ्या हातांवर गेलं होतं. दुसरं आता पोटात होतं. "बाई, हे पानी मले द्या. कॅनमधलंबी चालन," ती म्हणाली.

"हे न्यायचं नसतं," बाई म्हणाल्या, "उकळायला शिकायचं असतं."

*

मी फारच मागे लागले तेव्हा एकदाचा नळाचा विषय मीटिंगमध्ये आला. कमिटीतले वकीलसाहेब म्हणाले, "नळ दिला की हे लोक तिथंच राहतील." म्हणजे नळ नसला तर पुढच्या महिन्यात सगळे धरमपेठेत बंगले बांधणार होते जसे काही.

डॉक्टरांनी शास्त्र सांगितलं, "शिवाय त्या पाण्याची त्यांना सवय असते."

माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "ज्यांना सवय झाली नाही ती लेकरं नाल्यापलीकडे पुरली आहेत, डॉक्टर."

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "चहा आणा रे."

चहानंतर ठराव झाला, की दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'हात स्वच्छ धुवा' असं लिहावं. पेंटर आला. भिंतीला आधी चुना मारायचा होता. "सिस्टर, चुना कालवाले पानी कुठं भेटन?" त्यानं विचारलं. विहीर उन्हाळ्यानं आटलेली. मी नाल्याकडे बोट दाखवलं. त्या चुन्यावर तो सुविचार लिहिला गेला, आणि नाल्याचा वास भिंतीला कितीतरी दिवस येत होता.

*

आणि ती निरोगी बालक स्पर्धा. मंडप, माइक, फोटोग्राफर, सगळा थाट. वस्तीतली लेकरं एकेक करून काट्यावर ठेवत होतो. काटा पाहवत नव्हता. शांताच्या मुलाला ठेवलं आणि काटा असा सरकला की डॉक्टरांनी वाकून दोनदा पाहिलं. गुटगुटीत, हसरं पोर. पावसाळा काढूनही एकदासुद्धा दवाखान्यात आलं नव्हतं. पहिला नंबर त्याचाच.

शांता अध्यक्षबाईंकडेच भांडी घासायची. त्यामुळे बाईंना कोण आनंद! त्यांनी तिला हाताला धरून स्टेजवर नेलं, माइक तिच्या तोंडापुढे धरला. "शांता, सगळ्या आयांना सांग. बाळाला असं काय देतेस तू?"

शांतानं माझ्याकडे पाहिलं. तिचं गुपित मला ठाऊक होतं. खोटं बोल बाई, काहीही सांग, नाचणी सांग, असं मी मनात म्हणत होते.

"इशेष काई नाई, बाई," शांता म्हणाली. "दूध माहंच. पानी तेवढं तुमच्या बागेतल्या नळाचं. हा जलमला तवापासून रोज एक गुंड घरी नेऊन राहिली मी."

मंडपातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाईही हसल्या, बक्षिसाचा पेला दिला, फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांता भांडी घासायला गेली, तेव्हा बागेतल्या नळावर लोखंडी पेटी बसवली होती आणि पेटीला कुलूप होतं.