थोरलीचा चिंचोका आधी

पंच्याऐंशीच्या आसपास मी पुण्यातल्या एका संस्थेत संशोधन करत होतो. विषय असा, की कोणाला सांगताना मलाच घाम फुटे. एकाच कामाला अनेक संगणक जुंपले तर त्यांनी एकमेकांना निरोप कसे धाडायचे, त्यांच्यामधलं तारांचं जाळं कसं विणायचं, आणि जाळ्यातल्या एका सांध्यावर दोन निरोप एकदम येऊन थडकले तर काय करायचं. पौडच्या पुढे आमच्या घरी याचं 'तो तारांचं शिकतोय' एवढंच झालं होतं. एकदा गावातल्या एकाने मला विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज बसवायला बोलावलं. मला तो बसवता आला नाही. त्यानंतर माझ्या शिक्षणाची चौकशी गावात कमी झाली.

त्या दिवाळीत मी अडलो होतो. माझ्या प्रोग्रामात आठ संगणकांचं जाळं होतं आणि आठव्याचे निरोप पोचतच नव्हते. हरवत नव्हते, नुसते रांगेत उभे राहत होते. मार्गदर्शक म्हणाले, दिवाळीनंतर कारण सांगा, नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढून टाका. दोन वर्षांची मेहनत होती ती. संस्थेचा संगणक सुट्टीत बंद. मग छापील कागदांचा गठ्ठा काखेत मारून एसटीने घरी आलो आणि कागद बघून चिडचिड करत बसलो.

आमच्याकडे दिवाळी आणि भातकापणी एकाच वेळी येते. घरात आई आणि तीन वहिन्या. शेतीची कामं कधी सरत नसत, म्हणून एका वेळी एकाच सुनेने माहेरी जायचं, ही घरची रीत. जायचं तेही थोरलीपासून. भाऊबीजेला थोरलीचा भाऊ मुराळी म्हणून न्यायला यायचा. ती आली की मधली जायची. मधली येईपर्यंत झोडणी सुरू झालेली असायची. झोडणी, मळणी आटपून धाकटीचा नंबर लागायचा, तोवर संक्रांत आलेली असायची आणि थोरलीचा मुराळी पुन्हा ओट्यावर. दोन वर्षं धाकटी वहिनी माहेरी गेली नव्हती. तिच्या आईची नजर दिवसेंदिवस जात चालली होती. "तिला दिसतंय तवर पोरगी दाखवून आणायची व्हती," असं ती एकदा चुलीपाशी म्हणाली होती. तिची पोरगी इथेच जन्मली होती, आता अंगणभर पळत होती.

पाडव्याच्या दुपारी मी ठरवलं, संगणक नाही तर नाही, हातानेच करून बघू. तिन्ही वहिन्यांना अंगणात बसवलं. प्रत्येकीपुढे चिंचोक्यांची वाटी आणि एक कवडी. मी टाळी वाजवली की कवडी टाकायची. उताणी पडली तर एक चिंचोका आईपुढे सरकवायचा. आई म्हणजे जाळ्यातला सांधा. तिने दर टाळीला एकच चिंचोका उचलून परातीत टाकायचा, बाकीचे थांबतील. कोणाचा उचलायचा ते मी सांगितलंच नव्हतं.

थोरली म्हणाली, "ह्यासाठी पुण्याला ऱ्हावं लागतं व्हय?"

खेळ मात्र रंगला. मी टाळ्या वाजवत होतो, कागदावर रेघोट्या मारत होतो. तीसेक टाळ्या झाल्या असतील. धाकटी म्हणाली, "भाऊजी, माजं चिंचोकं जागचं हालत न्हाईत."

बघतो तर तिच्या रांगेत ही रास. थोरलीच्या रांगेत एकही नाही. मधलीचे चार-पाच.

"आई, तू थोरल्या वहिनीचाच का उचलतेस?"

"आरं, थोरलीचा आधी. मग मधलीचा. त्यात काय इचारायचं?" आई म्हणाली. तिला माझ्या अकलेची खरोखर कीव आली होती.

मी घरात जाऊन गठ्ठा उघडला. सांध्यावर दोन निरोप आले तर कोणाला सोडायचं, ती ओळ मीच लिहिलेली: लहान क्रमांकाचा आधी. एक पहिला, आठ शेवटचा. कोणत्या पुस्तकात असं लिहिलेलं नव्हतं, मार्गदर्शकांनीही सांगितलं नव्हतं. दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण मीही त्याच घरात वाढलो होतो.

बाहेर येऊन नवा नियम सांगितला. जिचा चिंचोका आत्ता गेला, तिने बाकीच्यांच्या मागे जायचं. आई कुरकुरली, पण तिने तसं केलं. धाकटीचेही चिंचोके परातीत पडू लागले. मी आनंदाने जवळजवळ नाचलो. माझं प्रकरण वाचलं होतं.

धाकटी परातीतले चिंचोके वाटीत भरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ही रीत निस्ती चिंचोक्यालाच लागती का, भाऊजी?"

आई समोर होती. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि कागद गोळा केले. बोलायला तोंड होतं, बोलायची वेळही तीच होती. घाबरलो, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. थोरलीचा मुराळी सकाळच्या गाडीने आला. चहा झाला तरी ती लुगडं बदलेना. तिने ओट्यावरच पाट मांडला, संध्याकाळची वाट न बघता भावाला ओवाळलं, आणि आईकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, म्या संक्रांतीला गेल्ते. ह्या खेपंला धाकलीला धाडा."

"आन तुजा भाऊ हितवर आलाय त्याचं काय?"

"त्येला जेवू घालून लावून देती. त्यो काय रुसत न्हाई."

मुराळी खाली बघत होता. रुसला होता हे उघड होतं. थोरलीची स्वतःची आई तिकडे वाट बघत असणार, हेही उघड होतं. आईने ओवाळणीचं ताट उचललं. मग म्हणाली, "जाऊ द्या तर मग तिला."

भावाला जेवू घालून लावून दिलं आणि थोरली विळा घेऊन खाचराकडे निघाली. माझ्यापाशी थांबून म्हणाली, "ल्हिवा आता तुमच्या कागदावर." डोळे भरले होते तिचे. मी धाकटीची पिशवी उचलली आणि तिला नि पोरीला एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला गेलो. तेवढंच मला जमलं.

प्रबंध झाला, ते प्रकरण परीक्षकांना आवडलं. हे कसं सुचलं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, निकालांचे तक्ते नीट तपासताना. आभाराच्या पानावर मार्गदर्शक आहेत, संगणक चालवणारे आहेत. थोरली वहिनी नाही. याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवाळीत धाकटी आठ दिवसांनी परत आली आणि पिशवी ठेवायच्या आधी थोरलीकडे गेली. "आईनं पोरगी बघितली," म्हणाली. "म्हनली, नाक माज्यावर गेलंय."

पुढच्या दिवाळीपर्यंत तिच्या आईची नजर पुरती गेली होती.