शेवेवरची परीक्षा

इंदूरजवळच्या राऊ गावात आमच्या शेजारी राहणारे ते बँकेतले गृहस्थ दर हिवाळ्यात एकटेच गुलमर्गला स्कीइंग करायला जातात. कॉलनीत फिरतानासुद्धा दर दहा पावलांनी मागे वळून बघतात, मागे कोणी नसलं तरी. बर्फावर मात्र सोबत्याशिवाय उतरत नाहीत. सोबती तिथेच शोधतात, आणि त्याची परीक्षा इंदुरी शेवेवर घेतात.

"देखो भिया," पोह्याच्या ठेल्यावर ते मला समजावत होते, "अनोळखी माणसाच्या हातात पुडा द्यायचा. त्यानं आधी बाजूच्याला 'घेणार का' विचारलं, तर तो उतारावर मागच्याकडेही बघणार. सीधी मूठ भरली, तर त्याला दुरून नमस्ते. समझे ना?"

मी नुसती मान हलवली, कारण माझं तोंड त्यांच्याच शेवेनं भरलं होतं.

त्यांनी माझ्या हातातल्या पुड्याकडे पाहिलं. "तुम्ही घरीच बरे," म्हणाले, आणि मला काम दिलं. गुलमर्गहून रोज चार वाजता ते बर्फावरून खाली उतरल्याचा फोन करणार. साडेचारपर्यंत आला नाही, तर मी त्यांच्या हॉटेलवर कळवायचं.

यंदा तिसऱ्या दिवशी फोन आलाच नाही. साडेचारच्या ठोक्याला मी हॉटेलवर फोन लावला. उचलला त्यांनीच.

"काही नाही भिया, तुम्हाला चेक करत होतो. आता उद्या बिनधास्त उतरतो."

मी चिडून फोन आपटला. समोर शेवेची वाटी होती. चारपासून मी तिला हातही लावला नव्हता.