मेणाचा हात

मी पेशाने कंपाउंडर. नाडी, ताप आणि बाटलीवरची खूण यांपलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची तर मी मनसोक्त टिंगल करायचो. तेव्हा खालचं वाचून तुम्ही माझी केलीत तर तक्रार नाही...

१९५८-५९ च्या सुमाराची गोष्ट. मी रेवदंड्याच्या दवाखान्यात होतो. खाडीपलीकडे कोर्लई – तिथे जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. तिथला पास्कू तरीतून खाडी ओलांडून आमच्याकडे यायचा. त्याच्या उजव्या हाताची मूठ वर्षभर उघडत नव्हती, आणि अंगठा बोटांच्या आत अडकलेला. डॉक्टरांनी शेक, मालिश, इंजेक्शनं सगळं केलं. ढोंग असेल म्हणून एकदा मी गुपचूप टाचणीही टोचली. तो कळवळला, पण मूठ उघडली नाही. शेती करणारा माणूस, कोयता धरता येईना. घरात चार खाणारी तोंडं.

त्यांच्यात नवसाची एक रीत आहे. जो अवयव दुखतो तो मेणाचा करून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ठेवायचा. पास्कूनेही मेणाचा हात आणला – सरळ, पाचही बोटं मोकळी. "कंपाउंडर, तुमी पन चला, आज सण हाय," म्हणाला. मी जेवणाच्या आशेने गेलो, खोटं कशाला बोलू?

फादरनी मात्र त्याला वेदीपाशीच थांबवलं. "भाऊ तुझ्यावर रुसलाय ना? आमचा ग्रंथ सांगतो, अर्पण इथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये." हात त्यांनी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. शेजारी दोन मेणबत्त्या होत्या, न पेटवलेल्या.

भाऊ म्हणजे इनास. लग्नानंतर वेगळा होऊन अलिबागच्या बेकरीत कामाला लागला, त्याचा पास्कूला राग. त्यांची आई आजारी पडली, गेली, माती झाली, आणि इनासला ते महिन्याने कळलं. पास्कू सगळ्यांना सांगायचा, निरोप्या चुकला.

आठ दिवसांनी भर दुपारी पास्कू इनासला घेऊन आला. मला तरीवरच भेटले. मी निव्वळ चौकसपणाने मागे मागे गेलो. दोघे आईच्या थडग्यापाशी उभे राहिले.

"मायनं माजं नाव घेतलं व्हतं?" इनासने विचारलं.

"तीन दिस घेत व्हती." पास्कू म्हणाला. "निरोप मी धाडलाच न्हाय. जानूनबुजून. मापी कर."

 मला वाटलं, आता इनास हाणतो. मग तो खाली वाकला, मूठभर माती उचलली. "माजी माती राह्यली हाय. हात कर पुडं, दोगं मिळून टाकू."

पास्कूने सवयीने उजवा हात पुढे केला... आणि तळवा उघडला. इनासने त्यात माती ओतली. दोघांनी ती थडग्यावर टाकली, तेव्हा कुठे पास्कूचं हाताकडे लक्ष गेलं. तो एकेक बोट हलवून बघू लागला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

थोड्या वेळाने आम्ही देवळात गेलो. कोनाड्यातल्या मेणाच्या हाताची मूठ वळलेली होती. अंगठा बोटांच्या आत. शेजारच्या मेणबत्त्या ताठ उभ्या.

डॉक्टर म्हणाले, हाताचं दुखणं मनाचं होतं, मेण उन्हाने वाकलं. पहिलं मला पटतं. पण त्या कोनाड्यात ऊन येत नाही, आणि अंगठा आत घालणारं ऊन मी पाहिलेलं नाही. फादरना विचारलं तर म्हणाले, "एकाचं दुखणं दुसऱ्याने स्वतःवर घेतलं, यावरच तर आमचा सगळा धर्म उभा आहे. बाकी मला विचारू नका." रजिस्टरात मी 'उजवा हात, बरा' लिहिलं. उपचाराचा रकाना कोरा ठेवला.

असले मेणाचे अवयव पुढे वितळवून त्यांच्या मेणबत्त्या करतात. हा हात पास्कूने वितळवू दिला नाही. फडक्यात गुंडाळून घरी नेला. मी हसून म्हटलं, "अरे, मेणच ते!"

"माजं दुकनं त्यानं घेतलं," तो म्हणाला. "त्याला इस्तवात कसा टाकू?"