एका टेबलाचे दोन हेडक्लार्क

कचेरीतले किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. चहाच्या वेळी एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो आणि साहेबांची घंटा वाजेपर्यंत ढीग लागतो! मध्यभारताच्या काळात तर आमच्याकडे तोटाच नव्हता, कारण तेव्हा कोणालाच काही कळत नव्हतं. होळकरांचं इंदूर आणि शिंद्यांचं ग्वाल्हेर एका राज्यात आलं. राजधानी उन्हाळ्यात इकडे, हिवाळ्यात तिकडे. कचेरीही तिच्यामागे. आपण नक्की कुठले, ते सकाळी उठून आठवावं लागे!

*

खासेराव आमचे जमादार. बाप-आजे होळकरांच्या फौजेतले. एकदा निरोप आला, "सरकार येतायत." खासेरावांनी पगडी चढवली आणि मुजऱ्याच्या तयारीत दारात उभे राहिले. तेवढ्यात खादीची टोपी घातलेले एक गृहस्थ पायी आत शिरले.

खासेराव दबक्या आवाजात म्हणाले, "भिया," आम्हा इंदूरवाल्यांचा 'भैया' हा असाच, "जरा बाजूला व्हा. सरकार येतायत!"

गृहस्थ बिचारे भिंतीला लागून उभे राहिले. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनीच हळूच विचारलं, "कौन से सरकार?"

ते मंत्री होते!

*

नाना रेगे इंदूरचे हेडक्लार्क, आप्पा शितोळे ग्वाल्हेरचे. विलीनीकरणात कचेरी एक झाली, टेबल एक झालं, हेडक्लार्क मात्र दोनच राहिले. नाना मसुद्यात खोडाखोड करत आणि आप्पा ती खोडाखोड खोडत.

नवे साहेब एक दिवस वैतागले. "तुमच्यात सीनियर कोण?"

"मी!" दोघं एकदम.

"मग ज्युनियर कोण?"

दोघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं.

*

हिवाळ्यात कचेरी ग्वाल्हेरला गेली. पोचल्यावर साहेबांसमोर नानांनी फायलींची ट्रंक उघडली, तर आत पापड, कुरडया आणि मेतकुटाचा डबा! फायली इंदूरला छत्रीबागेत, नानांच्या घरी राहिलेल्या.

साहेब लालबुंद. आता नानांची नोकरी जाते की काय, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. आप्पांना तर ही संधीच होती. आप्पा विधुर, वर्षानुवर्षं खानावळीत जेवणारे. ते ट्रंकेत बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, चूक माझीही आहे. सामान दोघांनी मिळून बांधलं होतं."

साफ खोटं! आम्ही चाट पडलो. नाना तर त्याहून.

दुसऱ्या दिवसापासून नानांच्या ग्वाल्हेरच्या बिऱ्हाडातून दोघांचा डबा येऊ लागला. भांडणं थांबली असं मात्र नाही हं! आता घास गिळून भांडत, एवढंच.

*

पुढे हिंदीत नोटीस लागली, 'सभी कर्मचारी समय पर आने की चेष्टा करें.'

नानांनी ती मोठ्यांदा वाचली आणि गोंधळून आप्पांकडे पाहिलं. "वेळेवर येण्याची चेष्टा? ती तर आपण रोजच करतो की!"

*

मग मध्यभारतही गेला. नवं राज्य, नवी राजधानी भोपाळ. आम्ही बिस्तरे घेऊन तिथे उतरलो. क्वार्टर्स वाटायला दोन खिडक्या होत्या. इमारतीच्या या बाजूला इंदूरवाले, मागच्या बाजूला ग्वाल्हेरवाले. दोघांच्या चाळीही वेगळ्या, गावाच्या दोन टोकांना. कागद कोणी बघत नव्हतं. गाव विचारायचे, अंगठ्याएवढी किल्ली हातात ठेवायचे. दिलेली किल्ली बदलून मिळणार नाही, असं बजावत होते.

मी इंदूरच्या लायनीत. बघतो तर पुढे आप्पा!

"आप्पा, अहो ही इंदूरवाल्यांची लाईन!"

"मालूम है भिया. गप्प बस." खिडकीशी जाऊन ते छाती काढून म्हणाले, "शितोळे. इंदौर!"

मी नानांना शोधत होतो. ते कुठे दिसेचनात.

किल्ली घेऊन आप्पा लगबगीनं इमारतीला वळसा घालायला निघाले, तर कोपऱ्यावर समोरून नाना येताना दिसले. त्यांच्याही हातात किल्ली, चेहरा नुसता फुललेला.

"नाना, तुम्ही कोणत्या लायनीत होता?" आप्पांनी विचारलं.

"तुमच्या," नाना म्हणाले.