शेंदूर लावलेला प्लग

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी दोन माणसांना कबूल केलं आहे. मी सांगत नाहीच, नुसतं लिहिते आहे. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, त्यामुळे आमच्या गॅरेजमधले किस्से माझ्यापाशी तेलकट चिंध्यांसारखे साठत जातात. धुवायचा जीव होत नाही, टाकायचा तर मुळीच नाही!

गॅरेज म्हणजे बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाज्याबाहेरची पत्र्याची शेड. मागे आमचं घर. दादा, म्हणजे माझे वडील, मोटारी दुरुस्त करतात आणि विष्णू मिस्त्री त्यांच्या जोडीला असतात. मी ओट्यावर बसून अभ्यास करते. निदान पुस्तक तरी उघडं असतं.

* * *

संस्थानं विलीन झाली, तेव्हा एका राजेसाहेबांची लांबलचक काळी मोटार लिलावात निघाली. शाहपूरच्या शेठनी ती घेतली. मागची गादी काढून, मळ्यातली केळी लालबाग स्टेशनवर न्यायला तिची गाडी करायची, असा त्यांचा बेत. पण गिअर अडकत होते, म्हणून मोटार आधी आमच्याकडे आली.

ती घेऊन आले गणपतकाका. राजवाड्याचे ड्रायव्हर. पांढऱ्या मिशा, कोटाला पितळी बटणं. उतरल्यावर त्यांनी आधी चपला घातल्या. मोटारीत ते अनवाणी बसत.

दादांनी विचारलं, "गणपतराव, गिअरबॉक्समधलं तेल कधी बदललं होतं?"

"दरवर्षी दसऱ्याला घालायचो की!"

"घालायचा, पण जुनं काढायचा कधी?"

गणपतकाकांनी कानाला हात लावला. "राजवाड्याच्या मोटारीतून काढायचं? हुजूर, तिथं फक्त घालायची रीत!"

दादा मोटारीखाली गेले. गिअरबॉक्सच्या तळाशी तेल सोडायचा प्लग असतो. त्यालाही दर दसऱ्याला पूजा करून शेंदूर लावलेला! एकावर एक थर चढून प्लगचा पार मारुती झाला होता.

* * *

शेंदूर खरवडल्यावर प्लगला मधोमध चौकोनी खाच दिसली. तिच्यात बसणारी चावी वेगळी असते.

"ती राजवाड्यातच राहिली," गणपतकाका म्हणाले.

दादांनी एक लोखंडी तुकडा कानशीनं घासून चावी केली. विष्णू मिस्त्रींनी तिला लांब नळी लावून जोर दिला. नळी वाकली, मिस्त्री उताणे पडले, प्लग होता तिथंच!

दुसऱ्या दिवशी प्लग तापवून सैल करायला दादांनी ब्लोलॅम्प पेटवला. गणपतकाका पाण्याचा तांब्या घेऊन धावले. "अहो, शेंदूर लावलेल्या देवाला जाळता?"

दादांनी ब्लोलॅम्प खाली ठेवला, मोटारीखाली पडल्या पडल्याच हात जोडले आणि म्हणाले, "देवा, तूच मोकळा हो बाबा. माझी पोरं उपाशी मरतील!"

पोरं म्हणजे मी एकटीच. आणि मी तेव्हा शेंगदाणे खात होते.

* * *

गणपतकाका शेडमध्येच बाजेवर झोपत आणि आमच्याकडे जेवत. तेही उभ्यानं! राजवाड्यात मोटार दाराशी उभी असताना ड्रायव्हरनं बसायचं नसे. आईनं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं पाट मांडला आणि म्हणाली, "भाऊ, इथं मोटार आजारी आहे. आजाऱ्यापाशी माणसानं बसावं."

ते बसले. वांग्याच्या भरताचा घास घेतल्यावर त्यांनी डोळे पुसले. "मिरची जरा तिखट आहे, ताई," म्हणाले. आईनं त्या दिवशी भरतात मिरची घातलीच नव्हती, विसरली होती.

जेवताना आईनं विचारलं, "मोटार झाली की पुढं काय, भाऊ?"

"मोटार शाहपूरला जाईल."

"आणि तुम्ही?"

"मी फक्त पोहोचवायला आलोय. राजवाड्याच्या खोल्यांना कुलपं लागली. शेठकडं त्यांचा मेहुणा आहे ड्रायव्हर." मग हसून म्हणाले, "जोवर प्लग अडलाय, तोवर माझी भाकरी इथं!"

हसलं कुणीच नाही. दादांनी त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही.

* * *

एकदा शाळेत बाईंनी मला कविता म्हणायला उभं केलं आणि मी नुसती उभीच राहिले. घरी येऊन ओट्यावर रडत होते. गणपतकाकांनी मोटारीचं मागचं दार उघडलं आणि कमरेत वाकले. "बसा, बाईसाहेब."

मी चपला काढून बसले. ते पुढं बसले. "कुठं जायचं?"

मी गप्प.

"बाईसाहेब, सांगितल्याशिवाय मोटार हलत नाही."

"जैनाबाद," मी म्हटलं.

"इंजिनाचा आवाज मोठा आहे. ऐकू आलं नाही!"

"जैनाबाद!" मी ओरडले. इंजिन बंदच होतं.

मग त्यांनी मोटार नेली. जागच्या जागी! शनवारा गेला, नदीवरचा राजघाट आला. "धरून बसा, नावेवर चढवतोय." मी खरंच धरलं. धरायला हात गादीच्या फटीत घातला, तर हाताला काही कडक लागलं. लाल फडकं होतं, आणि त्यात चौकोनी तोंडाची पितळी मुठीची चावी.

आरशात गणपतकाका माझ्याकडे पाहत होते. जैनाबाद यायच्या आधीच त्यांनी ब्रेक दाबला.

"बाईसाहेब, मोटारीतलं मोटारीतच राहू द्या."

मी मान हलवली.

* * *

शेठ दर आठवड्याला येत. येताना केळ्याची फणी आणत आणि जाताना रागावून जात. महिना झाला तेव्हा म्हणाले, "प्लग है की अंगद का पाँव? भाऊ, केळी माझ्यासाठी थांबत नाही! सोमवारपर्यंत झालं तर झालं, नाही तर मोटार खंडव्याला नेतो. आणि मग सगळ्या शाहपूरला सांगतो, बुऱ्हाणपूरच्या मिस्त्रीला साधा प्लग काढता येत नाही!"

दादांचं नाव जाणार म्हणून मला राहवेना. मी ठरवलं की चावीचं सांगून टाकायचं. दादा मोटारीखाली होते. मी खाली वाकले आणि तोंड उघडलं.

दादा स्वतः घासून केलेली चावी फिरवत होते. अगदी सहज, दोन बोटांनी. पण सोडायच्या दिशेनं नाही. आवळायच्या! एवढे दिवस ओट्यावर बसून मला तेवढं नक्की कळत होतं.

दादांनी मला पाहिलं. "सुमन, अभ्यास झाला?"

"हो."

"मग काय पाहिलंस?"

"काही नाही."

"शहाणी आहेस," दादा म्हणाले. त्यांचं एक बोट लाल झालं होतं. घरात गेल्यावर आईनं जखम न बघताच त्यावर चिंधी बांधली.

* * *

सोमवारी सकाळी गणपतकाका आंघोळ करून, बटणं चकाकवून आले. हातात लाल फडकं. शेठ दारात उभे होते.

"हुजूर, चावी सापडली," गणपतकाका दादांना म्हणाले. "तुमच्या नावाला बट्टा नको."

दादांनी दोन्ही हातांनी चावी घेतली आणि मोटारीखाली गेले. मग काय सांगू, असं कण्हणं मी कधी ऐकलं नव्हतं! "हय्या! अरे बाप रे! काय घट्ट आहे!" विष्णू मिस्त्रींनीसुद्धा बाहेरून जोर दिला, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. शेवटी डांबरासारखं काळं तेल घमेल्यात पडलं आणि गणपतकाकांनी नारळ फोडला.

आठ दिवसांत गिअर दुरुस्त झाले. शेठचा मेहुणा मोटार न्यायला बसला. गिअर टाकला की खर्रर्र! पुन्हा टाकला, पुन्हा खर्रर्र! गणपतकाका आपल्या लेकराला कुणी मारत असावं तसे कळवळले. "हळू हो! क्लच दोनदा दाबायचा! एकदा दाबून सोडा, मग पुन्हा!"

तिसऱ्या खर्रर्रला शेठनी कपाळावर हात मारला. दादा शांतपणे म्हणाले, "शेठ, या मोटारीबरोबर चावी येते, आणि चावीबरोबर माणूस येतो."

शेठनी मेहुण्याकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं. "उतर रे," म्हणाले. "गणपतराव, बसा तुम्ही. शाहपूरला खोली आहे माझी, मळ्यात."

गणपतकाकांनी चपला काढल्या.

* * *

निघताना त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं आणि हळूच म्हणाले, "बाईसाहेब, एक पाप कबूल करतो. रोज दुपारी तुमचे दादा जेवायला गेले की मी चावीनं प्लग पुन्हा आवळून ठेवायचो."

मी वळून पाहिलं, दादा लांब होते.

"पण शेवटचे पंधरा दिवस आवळायची वेळच आली नाही. मी खाली जावं, तर प्लग कुणीतरी आधीच आवळलेला. आणि वर ताजा शेंदूर!"

त्यांनी हॉर्न वाजवला आणि मोटार गेली. मी घरात पळत आले. आमच्या देवघरातली शेंदराची डबी रिकामी होती. ती डबी आईशिवाय कुणी हलवत नाही, म्हणून मी आईला विचारलं, तर ती पदरानं तोंड झाकून हसायला लागली आणि म्हणाली, "सुमे, हे बघ, तुझ्या दादांना वाटतं मला काही ठाऊक नाही, पण पहिल्या दिवशी डबी घेऊन मोटारीखाली मीच" — आले आई, आले! वही मिटते, ती इकडेच येतेय—