मिर्तोच्या कुंपणातली जाळी

एर्मेलिंदाच्या नाकावर राग होता असं म्हणणं कमीच. त्यानं तिथं बिऱ्हाडच थाटलं होतं. मेक्सिकोत पुएब्लाकडच्या त्या डोंगरगावात ती नवरी होऊन आली, ती ओल्या फडक्यात माहेरच्या मिर्तोची, लाल फुलांच्या झुडपाची, काडी गुंडाळून. सासूनं ती तीनदा उपटली. "हे काय, खाता येतं का?" एर्मेलिंदानं चौथ्यांदा लावली. पुढं सासूचा कान ठणकायला लागला, तेव्हा एर्मेलिंदानं मिर्तोचीच पानं गरम करून कानात बसवली आणि वर ऐकवलं, "खाता येत नाही, पण कानात जातं ना?"

त्या एका काडीचं चाळीस वर्षांत गल्लीभर कुंपण झालं. थंडी सरताना ती ते वीतभर ठेवून छाटायची, पावसात ते लालभडक होऊन उठायचं. अवेळी कुणी डहाळी मोडली, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. त्या फुलांवर चुपारोसा यायचे. अंगठ्याएवढे पक्षी, हवेत जागच्या जागी थरथरत उभे राहून चोचीनं मध ओढणारे.

त्या गुरुवारी सकाळी कुंपणातल्या घरट्यात दोन पिल्लं चोची वासून बसली होती आणि चारा घेऊन कुणीच येत नव्हतं. एर्मेलिंदानं फांद्या बाजूला केल्या. आत केसांवर घालायची जाळी ताणून बांधलेली.

"ओदिलिया! बाहेर ये! ही जाळी कुणाची? मिर्तोचे केस गळतायत का?"

लेक दारात आली. मक्याच्या टॉर्टियाच्या दुकानात कामाला जाताना तिच्या डोक्यावर रोज असलीच जाळी असायची. आज नव्हती.

"हळू बोल, आई. गल्ली ऐकतेय."

"ऐकू दे! पक्षी कुठाय?"

"टोपलीत. उद्या शुक्रवार. ती ताईत-दोऱ्यांच्या दुकानातली रुपेर्ता मावशी त्याला मारून, वाळवून, लाल दोरा गुंडाळून देणार आहे. मग फाउस्तीनो परत येईल."

फाउस्तीनो म्हणजे तिचा नवरा. तीन वर्षांपूर्वी उत्तरेला सीमेपार, अमेरिकेत गेलेला. गेल्या आठ महिन्यांत त्यानं एक फोन उचलला नव्हता.

"दोऱ्यानं येईल? का, तिकडं बस मिळत नाही त्याला?"

"तुला बोलायला काय जातं? तुझा नवरा तुझ्या घरात, तुझ्या खाटेवर मेला!"

एर्मेलिंदा तरातरा आत गेली, टोपली उचलून आणली आणि वरचं फडकं ओढलं. पक्षी पिसं फुगवून, डोळे मिटून पडला होता. फिका गळा, चमक कुठंच नाही.

"पुरुष बोलवायचा तर नर लागतो. सांगितलं होतं ना तुझ्या त्या मावशीनं?"

"हो, सांगितलं होतं."

"मग हा गळा बघ, नराचा चमकतो. ही मादी आहे गं, गाढवे! हिला दोरा बांधलास तर फाउस्तीनो नाही, त्याची तिकडची बाई येऊन उभी राहील दारात!"

ओदिलियाचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्या सगळ्यात तेवढंच तिला खरं वाटलं.

"आणि ती बघ हिची पोरं. ह्यांचा बाप अंडी पडायच्या आधीच उडाला. घरटं हिनं बांधलं, उबवलं हिनं, भरवतेय हीच. आणि तू काय केलंस, तर हिलाच धरलंस!"

एर्मेलिंदानं एक फूल खुडून पक्ष्याच्या चोचीला लावलं, पण रागाच्या भरात ते चुरगळलं. चोच काही फुलात शिरेना.

"तू धर. माझ्यानं होत नाही."

पहिल्या फुलाला काहीच झालं नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला ओदिलियाच्या बोटांत पक्षी बारीकसा थरथरला. मग ओंजळ एकदम हलकी झाली आणि घरट्यातली पिल्लं चिवचिवली.

ओदिलिया तशीच उभी, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"रडून झालं की जाळी डोक्यावर घाल आणि कामाला जा," एर्मेलिंदा गरजली.

आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा, भर बहरात, तिनं स्वतःच्या हातानं मिर्तोची एक जाड फांदी कडकन मोडली. फुलं ओरबाडून खाली टाकली, फोक हातात तोलून पाहिला आणि रुपेर्ताच्या दुकानाची वाट धरली.